आज्याचं नाव

सातारा नगरपालिकेत जन्मदाखल्याच्या रांगेत माझ्यापुढं एक सासू आणि तान्हं बाळ घेतलेली तिची सून उभी होती.

“आई, ओरायन ठेवूया? ग्रीकांचा शिकारी, आकाशात तारे आहेत त्याचे. सोहराब, इराणचा वीर. नाहीतर आपला नचिकेत?”

“आज्याचंच नाव ठिवायचं.”

“मामंजी जाऊन वर्ष झालं, तरी तुम्ही त्यांचं नाव घेत नाही. मग नातवाला हाक कशी मारणार?”

“त्यासाठनंच तर! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग पन्नास वर्सं निस्तं ‘आवं’.”

खिडकीतून कारकुनानं विचारलं, “बाळाचं नाव?”

“आकाराम!”

“आजी, हळू. ऐकू येतंय मला.”

“तुला येतंय रं, त्यास्नीबी येऊ दे की! आकाराम!”