फयानचा पाहुणचार

नोव्हेंबरातल्या त्या भरून आलेल्या दुपारी माधुरी पोलादपूरच्या एस.टी. स्थानकात बसली होती. शेजारी बसलेल्या बाईचा नवरा बिरवाडीहून आलेल्या गाडीतून धडपडत उतरला.

“बायजा, तू हितं? वादळ येतंय गो, आपलं भात अंगणात पडलंय!”

“पाहुण्याला घ्याया आलेय. आपल्या स्वराजचा मुंबयवरनं फोन आला, ‘फयान येतोय, तयारी ठेव.’”

“अगो, फयान हे त्या वादळाचंच नाव हाय!”

“अगो बाय! मी त्याच्यासाठी अंगण सारवलं की!”

“नि भात?”

“भात ठेवून सारवता येतंय व्हय? काल तुमी बिरवाडीला गेल्यावरच सगळं माळ्यावर चढवलं.”

नवरा मटकन बाकावर बसला आणि हसतच सुटला.

“हसताय काय? त्याच्या आंघोळीला दोन हंडे पाणी भरून ठेवलंय.”

“त्याला कशाला पाणी? तोच आख्ख्या तालुक्याला न्हाऊ घालाया निघालाय. चल, उमरठची गाडी लागली!”