कालचं कोरं पान

यशश्री : वजन साडेसहा किलोनं उतरलंय, साखरही ताब्यात आहे. माझ्याकडून सगळं उत्तम. पण गुरुजी, या वहीत कालचं पान कोरं का?

शामसुंदर : राहिलं लिहायचं.

यशश्री : राहिलं की टाळलं? सहा आठवड्यांत एक दिवस चुकला नाहीत. सकाळच्या बिनसाखरेच्या चहापासून संध्याकाळच्या मुगाच्या कढणापर्यंत सगळं वेळेसकट लिहिलंत. आणि नेमका कालचा दिवस कोरा?

इंदिरा : काल श्राद्धाचं जेवण होतं, मॅडम. इंदिरानगरला. हे ब्राह्मण म्हणून बसले होते.

यशश्री : (पेन खाली ठेवत) काकू, मागच्या खेपेला पितृपक्षात सोळा पानं कोरी होती आणि वजन चार किलो वाढलं होतं. डॉक्टरांनी तारीख रद्द केली ती त्यामुळेच. आज आहारतज्ज्ञ म्हणून मी सही केली तर मंगळवारी वजन कमी करायचं ऑपरेशन. पण त्यानंतर यांचं पोट वाटीएवढं उरणार. कुणी आग्रह केला की खाणारा माणूस असेल, तर ते जिवावर बेतेल. मग सही कशाच्या जोरावर करू?

शामसुंदर : श्राद्धाच्या अन्नाबद्दल जेवणाऱ्यानं बोलू नये, मॅडम. काय होतं, कसं होतं, काहीच नाही. आमच्यात तसंच आहे. आता लिहिणं म्हणजे बोलणंच की.

इंदिरा : घ्या. म्हणजे ती सोळा पानंही याच सोवळ्यात गेली होय? अहो, तेव्हा खाल्लंतही भरपूर. नियमाच्या आड लपायची बरी सोय झाली तुमची.

शामसुंदर : तेही खरं.

इंदिरा : हे बघा मॅडम, बोलायची बंदी यांना. मला नाही. मी तिथे जेवायला नव्हते, स्वयंपाकाला होते. स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहिलंय. सांगू?

यशश्री : सांगा. पाण्यापासून सांगा.

इंदिरा : पाणी घरीच. निघायच्या आधी एक ग्लास, घोट घोट करत, पंधरा-वीस मिनिटं लावून. हेच गृहस्थ पूर्वी तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायचे. रामकुंडावर दिवसाला नऊ चहा, तेही गोडमिट्ट. आता पिशवीत पाण्याची बाटली असते, शाळेतल्या पोरांसारखी. तर पाणी झालं आणि मग जेवणात थेंब नाही. सुरुवातीची आणि शेवटची आपोष्णी तेवढी.

यशश्री : तळहातावरचं पाणी ना? चमचाभर. ते मीच चालेल म्हटलं होतं.

इंदिरा : तेवढंच. आता यजमानांचं सांगते. राज म्हणून आहे, चांगला मुलगा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. ते वडील यांना इतके मानायचे की यांनी खिरीच्या पाच वाट्या संपवल्याशिवाय पानावरून उठू द्यायचे नाहीत. आणि आमच्या यांची ख्याती तरी काय, तर वेद नव्हे, वाट्या. चोवीस वर्षं पंचवटीत हेच नाव. मला कौतुक वाटायचं हो, खोटं कशाला बोलू. झोपेत यांचा श्वास अडकायला लागला आणि पायऱ्या उतरायला दोन जण धरायला लागले, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. काल पाटावर बसता येईना म्हणून टेबल-खुर्ची मांडली होती यांना. मान वर करून बघत नव्हते कुणाकडे.

यशश्री : पान वाढलं. मग?

इंदिरा : मग यांनी खिरीला हात लावला नाही. आधी वरण, मग भाजी. वड्यातला अर्धा. घास केवढा, तर बोराएवढा. आणि चावताहेत, चावताहेत. शेजारच्या पानावर दुसरे ब्राह्मण, गायधनीकाका होते, त्यांचं दहा मिनिटांत आटोपलं. पण पंगतीत कुणी आधी उठत नाही ना. त्यामुळे काका बसलेत हात वाळवत, राज उभा, आत पाहुणे खोळंबलेले. माझा जीव अर्धा झाला. मनात म्हटलं, आता लाजेपोटी हा माणूस भराभर गिळणार आणि सहा आठवडे पाण्यात.

यशश्री : गिळलं?

इंदिरा : नाही. काकांनी दोनदा घसा खाकरला. यांनी बोराएवढा घास आणखी लहान केला. चिडले की असेच करतात हे, सासूबाई सांगायच्या.

शामसुंदर : चिडलो नव्हतो. घाबरलो होतो.

इंदिरा : ते आज कळतंय मला. बरं, खरी परीक्षा पुढेच होती. राजची आई आली, खिरीचं पातेलं घेऊन. पहाटे उठून त्यांनी स्वतः केली होती, मला हात लावू दिला नाही. एक वाटी वाढलेली तशीच पाहिली आणि त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही जेवलात की ते जेवतात, आम्ही तर हेच मानतो. तुम्ही असे चिमणीसारखे खाल तर ते उपाशी जातील हो.

यशश्री : बापरे. यावर काय बोलणार माणूस.

इंदिरा : बोलायचंच नाही ना. जेवताना मौन. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा, एवढीच भाषा. यांनी हात धरला. बाई हलेनात. त्यांचा डाव भरलेला, यांचा हात पानावर आडवा. मॅडम, मी दारातून ओरडणार होते. एकदा वाटलं, घ्या हो एक वाटी, त्या माउलीचं मन मोडू नका. हो, मलाच वाटलं. सहा आठवडे घरात साखर कुलपात ठेवणारी मी.

यशश्री : आणि गुरुजींनी?

इंदिरा : हात काढला नाही. दुसऱ्या हातानं आधीच्या वाटीतली चमचाभर खीर घेतली. डोळे मिटले. आणि ती एवढीशी खीर इतक्या सावकाश खाल्ली, इतकी मन लावून, की बाई बघतच राहिल्या. पातेलं खाली ठेवून समोर बसल्या. मग दुसरा चमचा, तसाच. मग तिसरा. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, शेवटच्या दोन महिन्यांत हेही असेच खायचे. चमचा चमचा. मी भरवायचे. आणि उठल्या, खीर स्वतः परत आत घेऊन गेल्या. कुणाला आग्रह नाही, काही नाही.

यशश्री : किती वेळ लागला सगळ्याला?

इंदिरा : चाळीस मिनिटं. घड्याळ समोरच होतं. गायधनीकाका पानावरून उठताना म्हणाले, शाम्या, कंबर मोडलीस माझी. पण हात धुऊन झाल्यावर पाठीवर थाप मारली हो. मागच्या वर्षी यांच्या ऑपरेशनचं ऐकून हसलेला माणूस तो.

शामसुंदर : मॅडम, तीन चमचे खीर म्हणजे साखर गेलीच पोटात. ते तुमच्या यादीबाहेरचं. त्याबद्दल रागवा हवं तर.

यशश्री : गुरुजी, तीन चमच्यांना मी रागावत नाही. तीन चमच्यांवर थांबणारा माणूसच मला डॉक्टरांपुढे न्यायचा होता. काकू, ती फाइल इकडे द्या.

इंदिरा : म्हणजे?

यशश्री : म्हणजे ही सही. मंगळवारी सकाळी साडेसहाला या. उद्यापासून फक्त पातळ पदार्थ, कागद देते. आणि कालचं पान मी भरते, माझ्या हातानं. तुमचा नियम नको मोडायला.

इंदिरा : अहो, ऐकलंत का? झाली सही. दोन वर्षं झाली मॅडम, या सहीपायी मी कुठे कुठे हात जोडलेत, तुम्हाला काय सांगू. आता रडत नाही मी, काळजी करू नका. थोडंसंच रडते.

शामसुंदर : रुमाल घे.

यशश्री : एक विचारू, गुरुजी? हे वहीसाठी नाही. जेवण झाल्यावर यजमान काहीतरी विचारतात ना? माझ्या आजोबांच्या श्राद्धाला ऐकलं होतं.

इंदिरा : विचारतात. तृप्त झालात ना? आणि ब्राह्मणानं म्हणायचं, तृप्त झालो. ठरलेलंच उत्तर आहे ते, पोरंसोरंही देतील. पण काल राजनं विचारलं आणि हे गप्पच. काका कोपरानं ढोसताहेत, तरी गप्प. पोटावर हात ठेवून बसलेले.

यशश्री : का थांबलात, गुरुजी?

शामसुंदर : चोवीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. खरंच झालो का, ते पाहत होतो.

यशश्री : आणि?

शामसुंदर : झालो होतो.