भिंतीच्या गाण्याचा अर्थ

पाडायची नाही हो मिस्त्री, पाडायचं कोण म्हणालं? फोनवर मी फक्त ‘भिंतीचं काम आहे’ एवढंच म्हटलं होतं. ही बघा, इथे, कपाटामागे — ओल धरलीय, पोपडे सुटलेत. आणि ओल तिकडून येतेय, आमच्याकडून नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिकडून म्हणजे धाकटीकडून — माझी जाऊ. पूर्वी हे एकच घर होतं, ही खोली केवढी ऐसपैस होती, आता निम्मी त्यांची, निम्मी आमची. सासूबाई गेल्या आणि भावाभावांनी वाटणी करून घेतली. लोक म्हणतात बायकांमुळे झालं — लोकांना काय, तोंड आहे म्हणून बोलतात. दीर म्हणत होते, चार इंची पुरे. मीच म्हटलं नऊ इंची घाला — म्हणजे हे म्हणाले. हेच म्हणाले. पलीकडचा आवाज यायला नको म्हणून. ती गाते ना.

तशी मीही गाते. दोघीही चर्चच्या गायकवृंदात आहोत — मी पुढे, माईकपाशी, आणि ती दुसऱ्या रांगेत, जिथे असायला हवी तिथे. सध्या आमच्या मंडळीत एकच गाणं गाजतंय, ‘पाड प्रभो, भिंती पाड’ — हसू नका, तुमच्या धंद्याचं गाणं नाही ते, पवित्र शास्त्रातलं आहे. यरीहो नावाचं शहर, त्याला हा एवढा तट. देवाचे लोक रोज त्याला एक फेरी घालतात, सहा दिवस; सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग याजक रणशिंगं फुंकतात, लोक गर्जना करतात आणि तट जागच्या जागी खाली बसतो. कुणी कुदळसुद्धा लावली नाही. तर ती गर्जना म्हणजे आमच्या गाण्याचं ध्रुवपद — आणि ती माझ्याकडे आहे. चर्चचे खजिनदार म्हणतात, तुम्ही वर गेलात की खिडकीच्या काचा थरथरतात. कौतुकानेच म्हणत असणार, नाही का?

आणि गातात काय एकेक जण — डोळे मिटून, हात वर करून. प्रत्येकाची भिंत निराळी. औषधवाल्याची भिंत म्हणजे समोर नव्याने उघडलेलं औषधाचं दुकान. मुख्याध्यापिकाबाईंची भिंत म्हणजे त्यांची सून, आणि सून त्यांच्याच शेजारी उभी राहून तेच गाणं त्यांच्याहून मोठ्याने गाते. खजिनदार तर गाताना रडतात. परवा रडले, रुमालाने डोळे पुसले, आणि उपासना संपल्यावर समितीच्या बैठकीत त्यांनीच ठराव मांडला, चर्चच्या कंपाउंडची भिंत आणखी उंच करायची. एकमताने मंजूर. माझंही मत त्यातच आलं.

तर अशा सुखाने चाललेल्या मंडळीत नवे पाळक आले, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पोरगेलेसे, चष्मेवाले, सारखे पुस्तकात डोकं. म्हणे, हे गाणं इतक्या प्रेमाने गाता तर अर्थ बघू या. आता अर्थ काय बघायचा? तोंडपाठ आहे की. पण नाही. म्हणाले, गर्जना एकदाच आहे हो, अगदी शेवटी. त्याआधीचे सहा दिवस त्यांचा पुढारी यहोशवा, त्याची आज्ञा काय होती? तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि का, तर माझा आपला अंदाज, म्हणाले — याच लोकांच्या आईबापांनी रानात वर्षानुवर्षं कुरकुर केली होती, तेव्हा भिंत पाडण्याआधी देवाने तोंडं बंद करायला लावली असतील. हे बोलताना बघत होते कुणाकडे? माझ्याकडे. हे म्हणतात, घड्याळाकडे बघत होते, ते माझ्या डोक्यावरच आहे — असेल. पुढे म्हणाले, त्या तटात एक घर होतं. राहाब नावाची बाई राहायची तिथे, चारचौघांत जिचं नाव घेऊ नये अशी, तिच्या खिडकीला, हे घर वाचवायचं या खुणेची, तांबडी दोरी बांधलेली. सगळा तट आला खाली, पण ती आणि तिची माणसं सुखरूप बाहेर आली. म्हणून भिंत पाड म्हणून ओरडण्याआधी, त्या भिंतीत कोण राहतंय ते बघा. आणि मग सांगितलं, हा आठवडाभर आपापल्या भिंतीबद्दल एक शब्द बोलायचा नाही, तिच्याजवळ गप्प बसायचं.

मी बसले. इथेच, ही खुर्ची ओढून. पाळक म्हणाले म्हणून नाही — मला जमतं की नाही ते दाखवायला. तर पलीकडे चिडीचूप. रोज सकाळी धाकटी गळा साफ करते, आधी खोकते, मग सूर लावते, वरच्या सुराला हमखास घसरते — नऊ इंचांतून सगळं ऐकू येतं, तुम्ही लोक काय विटा वापरता कोण जाणे. त्या आठवड्यात खोकलासुद्धा नाही. मला वाटलं, हीसुद्धा पाळकांचं ऐकतेय, माझ्याहून जास्त गप्प बसून दाखवतेय. मग मीही हट्टाला पेटले. भांडी आपटायची बंद केली, रेडिओ बंद केला, ह्यांना खुणेने जेवायला वाढायला लागले.

मागच्या रविवारी आली ती. गळ्याभोवती रुमाल, आणि गाताना नुसते ओठ हलवतेय. आवाज नाही. मी पाळकांच्या बायकोला म्हटलं, काही लोक चर्चला नुसते ओठ हलवायला येतात. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ताई, तुम्हाला ठाऊक नाही? गळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. आवाज परत येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. महिला मंडळात प्रार्थना झाली की. आता मी त्या दिवशी गेले नव्हते, तिची बोलायची पाळी होती म्हणून मुद्दाम गेले नव्हते — ती कशी बोलणार होती, हे मला काय माहीत? घरी येऊन ह्यांना विचारलं, तर ह्यांना सगळं माहीत. दवाखान्यात बसले होते म्हणे भावाबरोबर. रोज संध्याकाळी हे पाय मोकळे करायला जातात ना — कोपऱ्यावर दोघे भाऊ बसून चहा पितात. वाटणी झाली त्या आठवड्यापासून. म्हणजे भिंत आहे कुणामध्ये? मला सांगितलं का नाही, म्हटलं, तर म्हणाले, तू विषय काढू देतेस का?

कालच्या उपासनेत गर्जना आली आणि माझा सूरच लागला नाही. काचा शांत.

ते जाऊ दे. समजा — समजा हं — कुणाला इथे दार काढायचं झालं, लहानसंच, तर भिंतीला धोका नाही ना? दोन्हीकडची संमती लागते? लागणारच. पण विचारायचं कसं? तिला बोलता येत नाही, आणि मी तिच्याशी बोलत नाही.

ठोका, ठोकून बघा. पोकळ वाटतंय का? थांबा — हे तुम्ही ठोकलंत? नाही ना? तिकडून आलं. परत. तिची दुपारची झोपायची वेळ आहे ही, आपण झोपमोड केली. चिडलीय. कशी दणादण ठोकतेय बघा — चांगलीच चिडलीय हो. नाही, तुम्ही ठोकू नका. हातोडी खाली ठेवा. चप्पल कुठे गेली माझी? ओलीचं बघू नंतर, पळून जात नाही ती. तुम्ही निघा आता मिस्त्री, मला कुलूप लावायचंय.