पद्मक्कांची पिल्ली

शेजाऱ्याची भाषा यायला पाहिजे, हे मलाही पटतं. पण आमच्या आईचं ऐका. गेल्या उन्हाळ्यात आमच्या माळ्यावर उदमांजर राहायला आलं. महिनाभर आम्ही उंदीरच समजत होतो. शेवटी प्राणी पकडणाऱ्याला बोलावलं. त्यानं पिंजऱ्यात केळं ठेवलं आणि सकाळी बघतो तर उदमांजर आत अडकलेलं.

तो पिंजरा उचलून निघाला, तेवढ्यात शेजारच्या पद्मक्का डोकावल्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. पिंजऱ्याकडं बघून त्या ओरडल्या, "अय्यो, पिल्ली!"

आईनं दारच अडवलं. "थांबा की ओ! पिल्ली हायत म्हणतायत त्या. त्यांच्या आईला कुटं नेताय?"

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो वैतागत शिडी चढला. जुन्या गादीच्या कापसात दोन पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?" त्यानं वरूनच विचारलं.

पद्मक्का गोंधळल्या. "मला कुठं कळलं? आमच्यात पिल्ली म्हणजे मांजर."

सगळे आईकडं बघायला लागलो. ती पिंजऱ्यापाशी बसली होती. म्हणाली, "इतकी वर्सं शेजारी राहून मला तेलुगू आलं न्हाय, बरंच झालं की."