सरळ मानेचा जावई

पनवेलच्या स्कॅन सेंटरमध्ये माझ्या पुढच्या बाकावर गव्हाणचं एक साठीतलं जोडपं नंबराची वाट बघत होतं. नवऱ्याच्या मानेचा एक्स-रे बायकोच्या मांडीवर होता.

“म्हंजे तुमच्या मानेचे दोन मनके जल्मापासूनच चिकटलेले हायत?”

“डॉक्टर तसाच बोलला. लाखात एखाद्याचे असतात.”

“आनि माजा बापूस गावभर सांगायचा, जावई लय सरल हाय, बाया रस्त्यानं गेल्या तरी मान वलवून बगत नाय!”

“मंग, खोटा बोलायचा का?”

“वलतच नव्हती तं बगनार कशे? फसवलात आमाला.”

“हसतेस काय? बोटांना मुंग्या येतात. आता या मशीनमदी वंगाल काय दिसला, तं मानेवर सुरी चालवतील.”

“चालवू द्या. पन मी डॉक्टरला सांगनार, मान मोकली नका करू. या वयात बगायला लागतील.”

“भामे, मांडवात तू माज्या बाजूच्या पाटावर येऊन बसलीस, तवा लग्नाचे धवले गानारी बाई का हसली व्हती?”

“तुमी पाटावर आख्खेच्या आख्खे माज्याकडं फिरलात म्हनून.”

“मंग ता बी सांग डॉक्टरला.”

“…उठा, नंबर आला. हलू उठा. माज्या खांद्याला धरा.”