खात्यासाठी लावलेला कौल

डिचोलीच्या स्टँडवर पेडण्याच्या बसची इतकी वाट पाहिली, की माझ्या हातातल्या काठीला पालवी फुटायची वेळ आली. तेवढ्यात शेजारच्या बाकावर मामा-भाचे बोलू लागले.

“बाबलीमामा, सगळे गेम गेले. पैसे देऊन विकत घेतलेले, तरी उघडत नाहीत.”

“चोरले रे कोणी?”

“चोरतोय कोण? कंपनीने कळवलं होतं, जुनं खातं बंद होणार, मुदतीत नव्या खात्यात या. मी बटण दाबतच होतो. तूच म्हणालास, थांब, आधी देवाला कौल लावू.”

“लावला नव्हे? मूर्तीला लावलेली डावी पाकळी पडली. देवच नको म्हणाला, त्याला मी काय करू?”

“कंपनीला कौल कळत नाही, मामा! मुदत संपली. आता लिहिलं, तर म्हणतात, तुमच्या नावाचं खातंच नाही.”

“सोड मरे. दुसरे घे.”

“घेईन. पण आमची धाकटी सुविधा त्यातच चालायची ना! पाय गेल्यापासून गेममधला डोंगर रोज थोडा थोडा चढायची. शिखर दिसायला लागलं होतं तिला. सकाळपासून विचारतेय, दादा, माझा डोंगर कधी उघडणार?”

“मग? काय सांगितलंस?”

“नेट नाही म्हटलं.”

मामाने टोपी चाचपली.

“साईश, परत कौल लावूया.”

“आता कशाला?”

“तिला कोणी सांगायचं ते विचारू. उजवी पडली तर तू, डावी पडली तर मी.”

“आणि एकही पडली नाही तर?”

“तर नेट नाही म्हणूया.”