घरात फ्रेंच बंद

१९७० साल. कार्डिफच्या अँटेनेटल, म्हणजे गरोदर बायकांच्या क्लिनिकमध्ये सिमाचा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर एक आफ्रिकन जोडपं फ्रेंचमध्ये बोलत होतं, इथे कोणाला कळतंय म्हणून अगदी बिनधास्त. मुंबईच्या शाळेत फ्रेंच शिकलेल्या सिमाने डोकं मासिकात खुपसलं आणि कान तिकडे लावले.

"बाळ झालं की घरात फ्रेंच बंद. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली, अजून त्यांचीच भाषा कशाला? बाळाशी फक्त वोलोफमध्ये बोलायचं," नवरा म्हणाला.

"वोलोफ तुमच्या सेनेगलची. माझ्या आयव्हरी कोस्टची बाउले का नको?"

"आपण परत डाकारला जाणार. तिथे बाउले कोणाला येते?"

"आणि मला वोलोफ कुठे येते?"

"आई शिकवेल."

"हं. म्हणजे हे आईंनी सुचवलंय तर."

"आईचा काय संबंध? देश आपला, भाषा आपली."

"काल तुझा भाऊ आला होता. माझ्याकडे बघून दोघं वोलोफमध्ये हसत होतात. काय चाललं होतं?"

"तू केलेल्या माशाचं कौतुक करत होता तो."

"मग त्यात माझं नाव कशाला येत होतं सारखं?"

"तुला ना, जिथे तिथे संशय!"

"येणारच. तू मागणी घातलीस फ्रेंचमध्ये, मी हो म्हटलं फ्रेंचमध्ये. तीच काढून घेतलीस, तर तुझ्या घरात मी भांडू कशात?"

तो वेगळ्याच भाषेत काहीतरी पुटपुटला. ते सिमालाही कळलं नाही. नर्सने सिमाचं नाव पुकारलं, तरी ती बसूनच राहिली.

"आत्ता काय म्हणालास?"

"काही नाही."

"मग ते 'काही नाही' फ्रेंचमध्ये सांग."